अकरा मिनिटांचा थांबा

शनिवारी दुपारी दोन वाजता, दिवसभराचे नमुने लॅबमध्ये जमा झाल्यावर, घरोघरी जाऊन रक्त घेणाऱ्या नऊही जणांना वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. पहाटे पाचला उठून उपाशी माणसांच्या दंडाला पट्टे बांधत हिंडणाऱ्यांना दुपारी दोन वाजता पंख्याखाली बसवायचं, म्हणजे झोपायलाच बोलावल्यासारखं. लंबूने बसल्या बसल्या मान टाकली. शेजारी बसलेल्या तिनेही टाकली असती. सात महिन्यांच्या बाळाने आदल्या रात्री तिला चार वेळा उठवलं होतं. पण छातीत दूध दाटून आलं होतं, ब्लाउज ओलं होईल की काय या धास्तीने ती हाताची घडी घालून ताठ बसली होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई फार लक्ष देऊन ऐकतेय.

पडद्याशेजारी नकाशेकाका उभे होते. लॅबच्या गाड्या आणि स्कूटर कुठून कुठे जातात ते बघायचं काम त्यांच्याकडे. टेबलावरच्या काचेखाली त्यांनी सगळ्या शहराचा नकाशा घालून ठेवला होता आणि चहाचा कप ते नेहमी तळ्यावर ठेवायचे, म्हणून हे नाव.

"आधी तीन शब्द समजून घ्या," काका म्हणाले. "रूट, ट्रॅक आणि वेपॉइंट. ही निळी रेघ म्हणजे रूट. तुम्ही कुठून जावं असं आम्हाला इथे बसून वाटतं, ती. ही लाल रेघ म्हणजे ट्रॅक. तुम्ही खरोखर कुठून गेलात, ती. तुमच्या सीटखाली जी काळी डबी बसवलीय ना, ती दर दहा सेकंदांनी एक ठिपका टाकते. ठिपके जोडले की झाला ट्रॅक."

"म्हणजे निळी सासूची आणि लाल सुनेची," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. लंबू हसण्याच्या आवाजाने जागा झाला आणि उगाचच हसला.

"तसं समजा. आणि हे जे झेंडे दिसतायत, ते वेपॉइंट. थांबायची जागा. रस्ता बंद असेल, तुम्ही दुसऱ्या गल्लीतून जाल, चालेल. पण झेंड्याशी थांबल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आता गंमत बघा."

काकांनी कळ दाबली. पडद्यावर एकच निळी रेघ आणि तिच्या अंगाला चिकटून लाल रेघ आली. दोघी गुण्यागोविंदाने मोठ्या रस्त्याने निघाल्या होत्या, आणि मध्येच लाल रेघ निळीचा हात सोडून डावीकडे एका गल्लीत शिरली होती. गल्लीच्या टोकाला सगळे ठिपके एकमेकांवर पडून चिंचोक्याएवढा लाल डाग झाला होता. तिथून रेघ आल्या पावली परत.

ती गल्ली तिला पाठ होती. कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारा, मग कुलूपवाला, मग हिरव्या रंगाचं लोखंडी फाटक, चौथा मजला, जिन्यात बल्ब नाही.

"कुणाचा ट्रॅक आहे ते सांगत नाही," काका म्हणाले. "नावं ठेवायला नाही बोलावलेलं. पण बघा, आठवड्यातून सहा दिवस, नऊ वाजून दहा मिनिटांनी, अकरा मिनिटं हा माणूस इथे थांबतो. म्हणजे इथे रोजचा पेशंट आहे. आणि आमच्या रूटमध्ये तो नाहीच. आम्ही झोपा काढल्या आणि यांनी सेवा दिली. म्हणून मी आपल्या लॅबच्या मॅडमना म्हटलं, रूट इथे बसून आखायचे बंद. तीन महिन्यांचे ट्रॅक घ्यायचे, जिथे आठ मिनिटांच्या वर रोजचा थांबा दिसेल तिथे झेंडा लावायचा, आणि त्यावरून नवे रूट बनवायचे. काही शंका?"

शंका नव्हती. शंका असायला तिच्या डोक्यात जागा नव्हती. हात वर करून म्हणायचं होतं, काका, तिथे पेशंट नाही हो, तिथे माझं बाळ आहे. पण तेवढं म्हटलं की पुढचं वाक्य मॅडमचं असणार होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. कामाच्या वेळेत घरचं काम चालत नाही. मागे एकीला भाजी घेताना पाहिलं, तर तिची सकाळची पाळी काढून तिला काउंटरवर बसवलं होतं. काउंटर म्हणजे आठ ते पाच, मधली अर्ध्या तासाची सुट्टीही तिथेच.

ती गप्प बसली. हीच तिची चूक.

*

बाळ बाटली घेत नव्हतं, सगळं रामायण त्याच्यापायी होतं. तीन प्रकारच्या बाटल्या झाल्या, वाटी झाली, चमचा झाला. काढून ठेवलेलं तिचंच दूध बाळ तोंडात घ्यायचं, क्षणभर विचार केल्यासारखं करायचं आणि समोरच्याच्या अंगावर सोडून द्यायचं. नवरा गोदामात पहिल्या पाळीला, तो तिच्याही आधी घर सोडायचा. म्हणून पहाटे साडेपाचला ती झोपलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून थोरल्या जावेच्या दारात नेऊन द्यायची आणि अडीचला परत घ्यायची. मधले नऊ तास. त्यांच्या साधारण मध्यावर ती अकरा मिनिटं तिने चोरून काढली होती. दोन मिनिटं जिना चढायला, आठ मिनिटं पाजायला, एक मिनिट पळायला.

जाऊबाई तशा तोंडाने फटकळ. स्वतःची दोन पोरं सातला शाळेत धाडायची, मग घरी येणाऱ्या शर्टांना काज-बटणं करत बसायचं, दिवसाला साठ शर्ट, आणि मांडीवर हे तिसरं.

"आली बघ तुझी गाडी," त्या दार उघडून बाळाला म्हणायच्या. "पेट्रोल भरून घे लवकर, नाहीतर सुटेल."

ती चपला न काढता उंबऱ्याशीच भिंतीला टेकून बसायची. बाळ तुटून पडायचं. ती क्षणभर डोळे मिटायची. जाऊबाई काहीतरी बोलत असायच्या, धाकट्याचा खोकला, बटणांचा रंग चुकला, जिना चढताना हल्ली धाप लागते. ती हं हं करायची. हाताच्या घड्याळावर एक डोळा, बाळाच्या गालावर एक. जाऊबाईंच्या वाटणीला तिसरा डोळा उरत नव्हता. बाळाने तोंड सोडलं की ती पदर सारखा करत उठायची.

"जाते हं ताई."

"जा बाई. तुझी लॅब बुडेल."

त्यांना वाटायचं, ऑफिसने परवानगी दिली असेल. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

*

पुढच्या सोमवारी पहाटेच नवे रूट आले. तिच्या फोनवर जी निळी रेघ उमटली ती पुलापलीकडची होती. तिचा जुना भाग लंबूला गेला होता. मॅडमनी म्हणे या खेपेला सगळ्यांचे भाग बदलले. एकाच भागात राहून माणूस सवयीचा होतो, असं त्यांचं म्हणणं.

तिने काकांना फोन केला. "काका, माझा भाग मलाच नाही का मिळायचा?"

"का गं, काय बिघडलं? पलीकडे रस्ते मोठे आहेत, लिफ्ट आहेत. तुझं भलंच झालं."

"नाही, तसं काही नाही."

"मग?"

"काही नाही काका."

लिफ्ट होत्या खऱ्या. सातव्या मजल्यावर एका आजोबांची शीर सापडेना, अकराव्यावर एका बाईंना सुई बघून चक्कर आली, त्यांना पाणी पाजून बसवावं लागलं. सव्वानऊ वाजले तशी छाती दगडासारखी झाली. ती एका इमारतीच्या जिन्याखाली थांबली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि रुमाल दाबून धरला. घड्याळ नऊ वीस दाखवत होतं. आत्ता बाळ रडायला लागलं असेल. आत्ता जाऊबाई त्याला खांद्यावर घेऊन खिडकीत उभ्या असतील. आत्ता बाटली पुढे करत असतील आणि ते मान फिरवत असेल. सकाळी तिने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की ताई, आज जमणार नाही, बाटलीने बघा. का जमणार नाही ते सांगायला वेळ नव्हता.

दहाला फोन वाजला. जाऊबाईच होत्या, मागे बाळाचा रडून रडून बसलेला आवाज.

"बाटली फेकली त्याने," त्या म्हणाल्या. "साखरपाण्याचं बोट दिलं, तेही चावलं. जाऊ दे, झोपेल आता थकून. मी त्याच्यासाठी नाही केला फोन. तुझ्या लॅबचा एक उंच माणूस येऊन गेला."

"कोण, लंबू? तुमच्याकडे?"

"दारात वाकून उभा होता, चौकटीला डोकं लागेल म्हणून. म्हणाला, सॅम्पल घ्यायला आलोय. मी म्हटलं घे बाबा."

"कुणाचं सॅम्पल?"

"माझं. अजून कोण आहे घरात? बाळाचं घ्यायला निघाला होता का?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिला सगळा प्रकार एकदम दिसला. झेंडा. नऊ दहा. रोजचा पेशंट. लंबूने यादीत नाव शोधलं असणार, मिळालं नसणार, डेस्कला फोन केला असणार आणि डेस्कवरच्या पोरीने सांगितलं असणार, वेपॉइंट आहे ना, मग रोजचं असेल, साधी रक्ततपासणी घे आणि नाव विचारून लिही. लंबू तसा सरळ माणूस. सांगितलं की करणार.

"ताई, तुम्ही विचारलं नाहीत, कुणी पाठवलं म्हणून?"

पलीकडे बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

"मला वाटलं तू पाठवलंस," जाऊबाई म्हणाल्या. "सारखी सांगतेय ना मी, धाप लागते, हातपाय गळतात. म्हटलं, ऐकलं असेल हिने. काळजी वाटली असेल. बोलता येत नाही हिला, म्हणून माणूस पाठवला."

अकराव्या मजल्यावरच्या बाईंना आलेल्या चक्करीसारखं काहीतरी तिच्या कानांत गुणगुणलं.

"ठेवते," जाऊबाई म्हणाल्या. "हा बघ झोपला."

*

दुपारी ती नमुने देऊन निघणार तोच मॅडमनी आत बोलावलं. काका तिथेच होते, हातात कप, आणि आज तो ठेवायला त्यांना तळं सापडत नव्हतं. लंबू दाराशी अंग चोरून उभा. टेबलावर एक जांभळ्या टोपणाची नळी आणि एक कागद.

"हा नमुना कुणाचा?" मॅडमनी विचारलं. "बिल नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही, नोंदणी नाही. आडनाव तुझं आहे."

"माझ्या जावेचा."

"तू सांगितलंस याला घ्यायला?"

"नाही मॅडम," लंबू घाईने म्हणाला. "झेंडा होता. मी झेंड्याला गेलो. आत एक बाळ होतं, त्याने मला बघून असा सूर लावला की विचारू नका. मी कशीबशी नळी भरली आणि पळालो."

"तुला नाही विचारलं."

मग तिने सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच आलं, बाटल्या, वाटी, चमचा, अकरा मिनिटं, त्या शनिवारी हात वर केला नाही ते. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. रडली नाही, पण ब्लाउजवर दोन ओले गोल उमटले आणि ते तिघांनाही दिसले. लंबू एकदम छताकडे बघायला लागला. काकांनी कपात बघितलं.

"तीन महिने?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"विचारायचं नाही एकदा?"

"विचारलं असतं तर परवानगी दिली असतीत?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं, हे तिला आज दिसलं. "नसती दिली," त्या म्हणाल्या. "काय म्हणून देणार? एकीला दिली की उद्या आठ जण रांगेत. काका, तो झेंडा काढा."

"निघत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"रूट मंजूर होऊन आले ना मुख्य ऑफिसातून. एकदा झेंडा मंजूर झाला की तिमाही संपेपर्यंत हलत नाही. काढायचा तर वगळण्याचा अर्ज, त्याला कारण, कारणाला पुरावा, मग त्यांची तपासणी. मुळात लावला कशाला, असं विचारतील. लावला मी आणि सही तुमची."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

"आणि थांबलं नाही तर?"

"तर रोज लाल खूण येणार. थांबा चुकवला म्हणून. रोज खुलासा लिहा."

मॅडमनी चष्मा परत घातला. "तिमाही कधी संपतेय?"

"आज पहिला दिवस."

तीन महिने. तीन महिन्यांनी बाळ दहा महिन्यांचं होईल, भात कालवून खाईल, वाटीने पिईल. तिच्या मनाने हा हिशेब इतक्या झरझर केला की तिलाच लाज वाटली.

"उद्यापासून हिला तिकडेच पाठवा," मॅडम काकांना म्हणाल्या, तिच्याकडे न बघता. "लंबूला काय करायचंय तिथे थांबून. आणि अकरा म्हणजे अकरा." मग त्यांनी तो कागद तिच्याकडे सरकवला. "नमुना चालवला आम्ही. मशीनमध्ये गेला होता, थांबवता आला नाही. बघ."

तिने बघितलं. असे कागद ती रोज बघायची, आणि तिची नजर सवयीने ज्या ओळीवर जाते तिथेच गेली. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. खाली दोन रेघा मारलेल्या.

"ही बाई चालतेय कशी?" मॅडम म्हणाल्या. "चौथा मजला म्हणालीस ना?"

*

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती हिरव्या फाटकातून आत शिरली. आदल्या दुपारी बाळाला न्यायला आली तेव्हा जाऊबाईंच्या धाकट्याला ताप होता, घरात नुसता गोंधळ होता आणि तिच्याने कागद बाहेर काढवला नाही. रात्री नवऱ्याला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, मग म्हणाला, "वहिनीने कधी काही सांगितलं नाही."

"सांगितलं," ती म्हणाली. "रोज सांगत होत्या."

आज तिने चपला काढल्या. आत जाऊन खाली बसली, बाळाला घेतलं, आणि ते लागलं तसा एका हाताने पिशवीतून कागद काढून जाऊबाईंना दिला.

"काय लिहिलंय? मला काय कळतंय यातलं."

"बारा असायला हवं ते सात सुद्धा नाहीये, ताई. तुमच्या अंगात रक्तच नाही. आज दुपारी डॉक्टरकडे जायचं. मी येते, पोरांना हे बघतील, मी बोललेय."

जाऊबाई कागद उलटा-सुलटा करत राहिल्या. त्यांचा चेहरा तिने पहिल्यांदा निवांत बघितला. ओठ पांढुरके, नखं पांढुरकी, डोळ्यांच्या आतली कडसुद्धा पांढुरकी. रोज दहा अनोळखी माणसांच्या पापण्या खाली ओढून ती बघत आली होती.

"म्हणजे हे खरंच आहे तर," जाऊबाई सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, मला आळस आलाय. रोज स्वतःला शिव्या घालत होते. साठाचे चाळीस शर्ट व्हायला लागले, म्हटलं, सोकावली बाई."

"ताई, तो माणूस मी नव्हता पाठवला." तिला हे सांगायचंच होतं. "चुकून आला तो. मी इथे थांबते ते त्यांना पेशंटचं घर वाटलं."

जाऊबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागावतील असं तिला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "फोनवरच कळलं मला. तुझा आवाज असा झाला होता, जसं मीच सुई टोचली." मग हात टेकून उठायला लागल्या. "चहा ठेवते. तुझी अजून सहा मिनिटं आहेत."

"बसा तुम्ही."

"अगं पण–"

"बसा म्हटलं ना."

एवढ्या वर्षांत ती त्यांच्याशी असं पहिल्यांदा बोलली. जाऊबाई खुर्चीत बसल्या. मांडीवरचा शर्ट तसाच, सुई कापडात खोवलेली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुतेक टोमणाच असावा, पण तो बाहेर यायच्या आत डोळे मिटले. मान एका बाजूला कलली. श्वास जड झाला, मग लांब.

बाळाचं पिऊन झालं. घड्याळात नऊ एकवीस झाले होते. तिने बाळाला आवाज न करता ढेकर काढायला लावली. पाळणा जाऊबाईंच्या खुर्चीला अगदी लागून होता, तो हलवला तर त्या जाग्या होणार. बाळाला खाली ठेवून जायचं तर बघणार कोण? आणि त्यांना हाक मारायची, तर ती कशी मारायची हे तिला कळेना. तिने जाऊबाईंच्या मांडीवरचा शर्ट हळूच ओढून घेतला, सुईसकट, आणि फळीवर ठेवला. त्या हलल्या नाहीत.

खिशातला फोन थरथरला. पुढचा पेशंट होता, दोन गल्ल्या सोडून राहणारे एक गृहस्थ.

"कुठे आहात तुम्ही? मी रात्रीपासून उपाशी आहे."

"थांब्यावर आहे," ती पुटपुटली. "मला उशीर होईल. अर्धा तास. तुम्ही पाणी प्या, पाणी चालतं."

"अर्धा तास? आधी कधी असं झालं नाही."

"नाही झालं," ती म्हणाली. "आज होतंय. वाटल्यास तक्रार करा, नंबर देते."

ते गृहस्थ गोंधळले. नको नको, या सावकाश, म्हणाले आणि फोन ठेवला.

खालून कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. जाऊबाईंच्या पापणीचा केस हलला नाही. पोट भरल्यामुळे बाळ भलतंच खुशीत आलं होतं. ते पोटावर सरकत, हाताने फरशी थोपटत, खुर्चीच्या पायाशी लोंबणाऱ्या जाऊबाईंच्या पायाकडे निघालं. अंगठा धरायचा त्याचा बेत होता. तिने वाकून त्याला उचललं, दाराच्या बाजूला तोंड करून ठेवलं. ते वळलं आणि परत निघालं. तिने परत उचललं. ते परत निघालं.